पानावरच्या रेषा कोण आखतं?



घटक चाचणीचे जुने पेपर काढून बघा. ‘जाळीदार शिराविन्यास आणि समांतर शिराविन्यास यांतील फरक लिहा’ हा प्रश्न त्यात कुठे ना कुठे सापडेलच. उत्तरही ठरलेलं. द्विदल, जाळीदार, उदाहरणार्थ आंबा, पिंपळ, जास्वंद. एकदल, समांतर, उदाहरणार्थ मका, ज्वारी, गवत. दोन गुण. मुलं धडाधडा म्हणून दाखवतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पाठाला लागतो.

हा तक्ता शिकवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तक्त्यापाशीच थांबण्याला. पानाच्या शिरा म्हणजे छापून आलेलं चित्र, असा मुलांचा समज त्यातून होतो. खरं तर शिरा हे चित्र नाहीच. ती घडत गेलेली वाट आहे. ती कशी घडते हे विज्ञानाला बऱ्यापैकी कळलेलं आहे आणि ते चौथी-पाचवीच्या मुलाला सांगता येण्याइतकं सोपं आहे. मग ते आपण कॉलेजसाठी का राखून ठेवतो?

आधी तक्त्याचंच बघू. घरी अळूवड्या होतील त्या दिवशी मुलांना आईजवळ बसायला सांगा. आई पान पालथं घालते, मागच्या जाड शिरा सुरीने तासते, लाटणं फिरवून पान सपाट करते, मगच पीठ लावते. अळू ही एकदल वनस्पती. म्हणजे तक्त्याप्रमाणे शिरा समांतर हव्यात. पण पान उजेडाला धरलं की काय दिसतं? मधल्या शिरेतून फुटून कडेपर्यंत गेलेल्या आणि पुन्हा एकमेकींना जोडलेल्या शिरांचं जाळं. करांद्याच्या वेलाचंही तसंच, तोही एकदल. उलट मक्याचं ‘समांतर’ पान उन्हात धरून नीट पाहिलं तर उभ्या शिरांना जोडणाऱ्या बारीक आडव्या शिरा दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तक्ता खोटा नाही. ढोबळ आहे. पण ज्या मुलाने अळूचं पान डोळ्यांनी पाहिलंय त्याला पेपरात उलटं लिहावं लागत असेल, तर तो डोळ्यांवर विश्वास ठेवील की तक्त्यावर? बहुतेक मुलं तक्त्यावर ठेवतात. मला काळजी वाटते ती त्याची.

आता मूळ प्रश्नाकडे. जास्वंदीची दोन पानं घेऊन त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला दिली, की मुलांच्या एक गोष्ट लगेच लक्षात येते. मधली शीर दोन्हीकडे जागच्या जागी आहे, मोठ्या फांद्याही साधारण तशाच आहेत, पण बारीक जाळं कुठेच जुळत नाही. एकाच झाडाची, एकाच फांदीची पानं, तरी जुळत नाही. मग हमखास प्रश्न येतो, “मॅडम, या रेषा आधीपासून असतात का पान मोठं झाल्यावर येतात?” दुसरा प्रश्न त्याहून अवघड, “त्या आखतं कोण?”

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं, ‘निसर्गाची किमया’. ऐकायला गोड, पण हे उत्तर म्हणजे दार लावून घेणं आहे. त्याऐवजी मी सांगते ते असं.

पान शेंड्याच्या कोंबात दडलेलं असतं, अगदी मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, तेव्हा सुरुवातीला त्यात एकही शीर नसते. सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. कोणती पेशी शिरेची होणार आणि कोणती हिरव्या गराची, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. या कोवळ्या पानात एक पदार्थ तयार होतो, ऑक्झिन. हे वनस्पतीचं संप्रेरक. पानाच्या टोकाला आणि कडेला काही ठिकाणी ते गोळा होतं आणि तिथून आत, खाली, खोडाकडे वाहू लागतं. आपोआप घरंगळत नाही बरं. एक पेशी दुसरीला देते, दुसरी तिसरीला. प्रत्येक पेशीच्या आवरणात ऑक्झिन बाहेर सोडणारी बारीक दारं असतात. ही दारं म्हणजे एक प्रकारची प्रथिनं. त्यांना ‘पिन’ म्हणतात, आणि त्या नावाची गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. अरेबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं रोप प्रयोगशाळांतून खूप वापरतात. त्यातल्या ज्या रोपांमध्ये हे प्रथिन बिघडलेलं होतं त्यांच्या तुऱ्याला फुलंच आली नाहीत. नुसता उघडा दांडा उभा राहिला, टाचणीसारखा. म्हणून पिन. ही दारं पेशीच्या एकाच बाजूला, खोडात खालच्या बाजूला, बसवलेली असतात हे १९९८ साली दाखवलं गेलं.

आता खरी मेख. ज्या बाजूने ऑक्झिन जास्त जातं, त्या बाजूला दारं वाढतात. दारं वाढली की आणखी जास्त जातं. आणखी जास्त गेलं की आणखी दारं. शेजारच्या पेशींमधलं ऑक्झिनही मग तिकडेच ओढलं जातं आणि शेजारणींकडे स्वतःची वाट काढण्याइतकं उरतच नाही. सुरुवातीला सगळीकडे थोडं थोडं झिरपत असलेलं ऑक्झिन असं हळूहळू एका अरुंद ओळीत जमा होतं. त्या ओळीतल्या पेशी लांबट होतात, उभ्या दिशेने विभागतात, एकमेकींना चिकटून दोरीसारख्या होतात. तीच उद्याची शीर. मधली शीर आधी, मग बाजूच्या मोठ्या, मग त्यांच्यामधल्या लहान. पान वाढतं तशी मधली जागा भरत जाते. म्हणून मोठ्या शिरा सगळ्या पानांत सारख्या आणि बारीक जाळं मात्र प्रत्येकाचं वेगळं.

शाळेच्या मैदानाची आठवण करून द्या. फाटकापासून वर्गापर्यंत कोणी वाट आखलेली नसते. पावसाळ्यात सगळीकडे गवत असतं. पहिल्या आठवड्यात मुलं कशीही, कुठूनही जातात. जिथून चार जणं जास्त गेली तिथलं गवत दबतं, दबलेल्या गवतावरून चालणं सोपं, म्हणून पुढची मुलं तिथूनच जातात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाऊलवाट पक्की. तिचा नकाशा कोणी काढला? कोणीच नाही. चालणाऱ्यांनीच काढला. पानातही चालणाराच वाट काढतो.

‘संप्रेरक’ शब्द शिकवताना आपण नेहमी सांगतो की हे शरीराला हुकूम देणारं रसायन. वाढ म्हटलं की वाढ, पिकणं म्हटलं की पिकणं. इथे तसं नाही. ऑक्झिन ‘इथे शीर बनव’ असा नुसता हुकूम घेऊन येत नाही. ते कुठून कुठे वाहतंय, किती वाहतंय, यालाच अर्थ आहे. हा फरक मोठ्यांनाही पटकन पचत नाही. मला वाटतं, मुलांना तो लवकर पचतो, कारण त्यांच्या डोक्यात ‘हुकूम देणारं रसायन’ अजून बसलेलं नसतं.

“हे कळलं कसं?” हा पुढचा प्रश्न मुलांकडून आला नाही तर आपण काढायचा. दोन प्रयोग सांगते, दोन्ही गोष्टीसारखे सांगता येतात.

अमेरिकेत विल्यम जेकब्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५२ साली कोलिअसवर काम प्रसिद्ध केलं. कोलिअस म्हणजे आपल्या कुंड्यांत असतं ते लाल-हिरव्या रंगीत पानांचं झाड. त्याच्या खोडाला बाजूने लहानशी खाच पाडली की आतली पाण्याची नळी तुटते. काही दिवसांनी बघावं तर जखमेला वळसा घालून नवीन नळी तयार झालेली. वरचं टोक खालच्या टोकाला जोडलेलं. आता जखमेच्या वरची पानं आणि कोंब काढून टाकले तर? नळी फारशी बनतच नाही. आणि काढलेल्या पानांच्या जागी ऑक्झिन लावलं तर? पुन्हा बनते. म्हणजे वळसा घालायला लावणारं जे काही होतं ते वरच्या पानातून येत होतं, आणि ते ऑक्झिन होतं. किती साधी मांडणी आहे बघा. काढा, बघा. परत द्या, बघा. आपण मुलांना ‘प्रयोगाचे साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ असे चार मथळे पाठ करायला लावतो, त्याऐवजी ही एक गोष्ट सांगितली तर प्रयोग म्हणजे काय हे जास्त कळेल.

दुसरे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले त्स्वी साक्स. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी वाटाण्याच्या रोपांवर काम केलं. रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला बाजूने ऑक्झिनचा मलम लावायचा आणि वाट बघायची. मलमाच्या ठिकाणापासून आतल्या जुन्या शिरेपर्यंत नवी शीर तयार व्हायची. पण त्यातही एक विलक्षण गोष्ट दिसली. जुन्या शिरेला वरून आधीच ऑक्झिन मिळत असेल तर नवी शीर तिला जोडायची नाही, बाजूबाजूने निघून जायची. जुनी शीर रिकामी असेल तर सरळ जाऊन मिळायची. भरलेल्या पाटात दुसऱ्या पाटाचं पाणी शिरत नाही, कोरड्यात शिरतं, तसंच. यातूनच साक्स यांनी मांडलं की ऑक्झिनचा प्रवाह आपला मार्ग आपणच पक्का करत जातो. तेव्हा पिनची दारं कोणाला माहीत नव्हती. ती सापडली ती पुढे तीस वर्षांनी.

एक तिसरी गोष्ट फक्त चवीपुरती. १९८० मध्ये जपानी संशोधकांनी झिनियाच्या पानातल्या हिरव्या पेशी सुट्या करून द्रवात ठेवल्या, त्यात ऑक्झिन आणि सायटोकायनीन हे दुसरं संप्रेरक घातलं. काही दिवसांत त्यातल्या कितीतरी पेशी जलवाहिनीच्या पेशी बनल्या. पान नाही, झाड नाही, सुटी पेशी, तरी तिने नळीचा वेश घेतला. आणि जलवाहिनी होणं म्हणजे काय, तर भिंती जाड करायच्या, कडक करायच्या, मग आतलं सगळं मोडीत काढून मरून जायचं. पाणी त्या पोकळीतून वर चढतं. आपल्या डोक्यावरच्या वडाच्या पानापर्यंत पाणी मेलेल्या पेशींच्या नळ्यांतून जातं, हे ऐकल्यावर सहावीचा वर्ग एकदम गप्प होतो. रसवाहिनीची गोष्ट वेगळी. पानात तयार झालेलं अन्न वाहून नेणाऱ्या तिच्या पेशी जिवंत राहतात.

एवढं सांगून झाल्यावर मी वर्गाबाहेर एक खेळ घेते. साहित्य म्हणजे मूठ-दोन मूठ चिंचोके. वीस मुलं चार ओळींत उभी करा, प्रत्येक ओळीत पाच. मागच्या ओळीतल्या प्रत्येकाला दर फेरीत एक चिंचोका मिळेल. तो त्याने पुढच्या ओळीतल्या समोरच्याला किंवा समोरच्याच्या डावी-उजवीकडे असलेल्याला द्यायचा. मिळालेले चिंचोके पुढच्याने तसेच पुढे द्यायचे. नियम एकच. मागच्या फेरीत ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त चिंचोके आले त्याने हात वर करायचा, आणि देणाऱ्याने आपल्या समोरच्या तिघांत हात वर असलेला कोणी असेल तर त्यालाच द्यायचं. पहिल्या फेरीत सगळीकडे विखुरलेले चिंचोके पाच-सहा फेऱ्यांत एक-दोन ओळींतूनच जाऊ लागतात. कडेची मुलं कुरकुर करतात, “आमच्याकडे येतच नाही!” अगदी बरोबर, तुम्ही हिरवा गर झालात. ज्यांच्या हातून जास्त गेले त्यांना एकमेकांचा खांदा धरायला सांगा, झाली शीर. दुसऱ्यांदा खेळलात तर वाट वेगळ्या ठिकाणी पडते. तेव्हा जास्वंदीची दोन पानं जुळत का नाहीत ते वेगळं सांगावं लागत नाही.

खेळात आणि पानात फरक आहे तोही बोलावा. खेळात खोटं जाळं एकाच दिशेला पुढे जातं. खऱ्या पानात शिरा फिरून एकमेकींना मिळतात, बंद चौकटी करतात. त्याचा फायदा असा की अळीने एखादी शीर कुरतडली तरी पाणी दुसऱ्या बाजूने पोचतं. आणि सगळं श्रेय एकट्या वाहतुकीला देऊ नये. औषध घालून पानातली ऑक्झिनची वाहतूक रोखली तर शिरा बनायच्या थांबत नाहीत, पण नक्षी पार बिघडते. कडेला जाड, रुंद शिरांची गर्दी होते. म्हणजे पेशींना ऑक्झिन ‘जाणवणं’ हाही त्यातला एक भाग आहे. सायटोकायनीनसारखी इतर संप्रेरकंही हातभार लावतात. हे सगळं मुलांना सांगायची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला माहीत असावं.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला तिकडे येते.

आमची शाळा कापसाच्या पट्ट्यात आहे. गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा पऱ्हाटीचं एक पान घेऊन आला. पऱ्हाटीचं पान कसं असतं ते इथल्या पहिलीच्या पोरालाही माहीत आहे, तळहातासारखं, रुंद. हे पान अरुंद होतं, चिरल्यासारखं, बोटं लांबट झालेली, भेंडीच्या पानाची आठवण यावी असं. शिरा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या, ठसठशीत, जवळजवळ समांतर. बाकीची मुलं हसली. एक हुशार मुलगी म्हणाली, “मॅडम, हे एकदल झालं!” तक्ता तिला चोख पाठ होता.

ते पान एकदल झालं नव्हतं. शेजारच्या शेतात तणनाशक मारलं होतं, टू-फोर-डी. गावात हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. २,४-डी म्हणजे माणसाने बनवलेलं ऑक्झिन. म्हणजे रसायन वेगळं, पण झाडाच्या पेशींना ते ऑक्झिनसारखंच भासतं, आणि झाडाला ते आपल्या ऑक्झिनसारखं सहज मोडून टाकता येत नाही. गवत, गहू, ऊस, ज्वारी ही पिकं ते बऱ्यापैकी सोसतात, रुंद पानाची तणं मरतात, म्हणून शेतकरी वापरतो. पण कपाशी, द्राक्ष, टोमॅटो या पिकांना त्याचा थेंबही सोसत नाही. वाऱ्याने उडालेले तुषार, उन्हात उडालेली वाफ, इतकंच काय, तणनाशकाचा पंप नीट न धुता दुसऱ्या दिवशी त्यातूनच कपाशीवर कीटकनाशक मारलं, तरी नव्या पालवीवर हा परिणाम दिसतो. जुनी पानं, जी आधीच घडून झालीत, ती तशीच राहतात. बिघडतात ती घडत असलेली. वाट पडत असतानाच कोणीतरी सगळ्या दिशांनी लोंढा सोडला, तर पाऊलवाट पडणार कशी?

त्या मुलाच्या घरी यावर दोन तर्क चालू होते. एक म्हणजे रोग आला. दुसरा, बियाणं बोगस निघालं. कृषी सेवा केंद्रात जाऊन बुरशीनाशक आणायची तयारीही झाली होती. बुरशीनाशकाने याला काही होत नाही. पैसे मात्र जातात. मी निदान करणारी कोण? म्हणून मी त्याच्या वडिलांना पान घेऊन कृषी सहायकांना दाखवायला सांगितलं, त्यांनीही तेच सांगितलं. पण एक प्रश्न मात्र वर्गातल्या मुलांनीच विचारला होता, तो महत्त्वाचा होता. “खालची पानं चांगली आणि शेंड्याचीच वाकडी का?” शिरा पान कोवळं असताना बनतात हे ज्याला माहीत आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो. आणि हा प्रश्न सुचला की फवारणी कधी झाली याचा अंदाजही बांधता येतो. कितव्या पानापासून बिघाड सुरू झाला ते मोजायचं.

इथे एक सूचना. फवारलेली पानं मुलांना हाताळायला देऊ नका. पान पारदर्शक पिशवीत बंद करून बाहेरूनच दाखवा. आणि पालकहो, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, आणि तो धुवायचं काम पोराकडे देऊ नका.

तर माझा मुद्दा इतकाच आहे. ज्या गोष्टीला आपण ‘पुढच्या वर्गात शिकशील’ म्हणून ढकलतो ती गोष्ट या मुलांच्या बांधावर आज घडते आहे. संप्रेरकं माध्यमिकला येतात, तेव्हा येतात ती नावांची यादी म्हणून. ऑक्झिनने खोड वाढतं, जिबरेलीनने अमुक, सायटोकायनीनने तमुक. जोड्या लावा. नाशिककडच्या शिक्षक मित्रांना तर हे जास्त जाणवत असेल. तिथल्या द्राक्षबागायतदाराचं पोर ‘जीए’ची बुडवण लहानपणापासून बघतं. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, पुस्तकातल्या त्याच यादीतलं. वर्गात ते नाव आलं की मात्र पोर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं पाठ करतं. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्या घरातही तेच. सालीचं वलय काढलं की वरून येणारं अन्न आणि ऑक्झिन वलयाच्या वरच्या काठाशी अडतं, म्हणून मुळं वरच्या काठाला फुटतात. हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, आजोबांचा हात लागतो.

काही शिक्षक बंधू म्हणतील, पट वीस असो की चाळीस, अभ्यासक्रम संपवायचा कधी? रास्त आहे. शाळेबाहेरच्या कामांची यादी मी इथे देत बसत नाही, तुम्हाला पाठ आहे. पण हिशोब करून बघा. तक्ता पाठ करून घेणं, तपासणं, पुन्हा उजळणी घेणं यात तीन तासिका जातातच. पानाचे ठसे एक तासिका, पाऊलवाटेची गोष्ट आणि चिंचोक्यांचा खेळ एक तासिका, तक्ता शेवटी अर्धी तासिका. तक्ता शेवटी घेतला की तो पाठ करावा लागत नाही, हा माझा अनुभव. शिवाय मग मुलंच त्यात तिसरा रकाना पाडायला सांगतात, ‘न बसणारी पानं’. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्या रकान्यात सध्या अळू आणि करांदा आहेत.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो. “मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का?” नाही येणार, सरळ सांगते. परीक्षेत फरक लिहा येईल आणि तो तुमचं मूल लिहील. तरी घरी दोन गोष्टी करा. स्टेशनरीच्या दुकानातली शिराविन्यासाची छापील चित्रं आणून वहीत चिकटवू नका, दहा रुपये वाचतील. त्याऐवजी पिंपळाची दोन-तीन जून, निबर पानं बादलीत पाण्यात बुडवून ठेवा. अधूनमधून पाणी बदला, वास येईल, सहन करा. तीन-चार आठवड्यांत गर कुजून सुटतो. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूच, एका दिशेने साफ केलं की नुसतं जाळं हातात उरतं. वहीत पिंपळाचं जाळीदार पान आपण सगळ्यांनीच ठेवलेलं आहे. या वेळी मुलाला त्यावर बोट ठेवून उलट चालायला सांगा. कडेच्या एखाद्या बारीक चौकटीपासून सुरू करायचं आणि देठापर्यंत यायचं. वाटेत किती फाटे लागले, कोणता फाटा जाड, कोणता पुढे जाऊन दुसऱ्याला मिळतो, हे तोंडाने सांगत यायचं. बोट ज्या दिशेने चालतंय त्याच दिशेने, ते पान कोंबात असताना, ऑक्झिन चाललं होतं. पाणी मात्र त्याच वाटेने उलट्या दिशेने आलं, देठाकडून कडेकडे. एकाने वाट पाडली, दुसरा तिच्यावरून आला.

मुलांचे प्रश्न यानंतर थांबत नाहीत, तेवढी तयारी ठेवा. माझ्याकडे सध्या फळ्याच्या कोपऱ्यात तीन लिहून ठेवलेले आहेत. वाऱ्याने केळीचं पान फाटून चिंध्या होतात तरी प्रत्येक चिंधी हिरवीच कशी राहते? निवडुंगाला पानंच नाहीत तर त्याच्या शिरा कुठे? आणि कलम केलेल्या आंब्यात खुंटाच्या शिरा आणि वरच्या काडीच्या शिरा एकमेकींना सापडतात कशा? पहिल्याचं उत्तर केळीचं पान हातात घेतलं की मिळतं, पान शिरांच्या मधून फाटतं, शिरा मधल्या दांड्याला जोडलेल्याच राहतात. तिसऱ्याचं उत्तर जेकब्स यांच्या कोलिअसमध्ये आहे. वरच्या काडीतून खाली येणारं ऑक्झिन जोडाच्या जागी भरून आलेल्या नव्या पेशींमधून वाट काढतं. निवडुंगाचं मी मुलांवरच सोडलं आहे. शाळेच्या कुंपणाला फड्या निवडुंग आहे, सोमवारी त्याचा एक तुकडा मी कापून आणणार आहे, काटे काढून.